रंकाळ्यासाठी कंपायलर

“काय करालीस गं?”

“कंपायलर बनवतेय, बाबा.”

“म्हणजे तुझ्याकडं नव्हता व्हय?”

“आहे की.”

“मग?”

२०२१च्या जानेवारीतली रात्र, साडेदहा वाजून गेलेले. ऑफिस घरूनच चालू होतं, म्हणून पुण्याची खोली सोडून मी कोल्हापुरात आईबाबांकडे मुक्काम ठोकला होता. दिवसा कंपनीचं बिलिंगचं सॉफ्टवेअर, रात्री जेवणं उरकली की माझा उद्योग. लॅपटॉप जुना, आय-थ्री, ४ जीबी रॅम. बॅटरी इतकी मेलेली की चार्जरची पिन हलली तरी लॅपटॉप बंद. त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घुमत होता आणि त्या आवाजानेच बाबा उठून आले होते. त्यांच्या “मग?”वर मी “उद्या सांगते” म्हणाले.

तर, मी एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत होते. कॉलेजात तो विषय मी घोकून पास झाले होते. सेमाफोरची व्याख्या अजून पाठ आहे, पण कॉम्प्युटरचं बटण दाबल्यावर पहिल्या सेकंदात काय होतं ते धड सांगता येत नव्हतं. घरी अडकून पडल्यावर ठरवलं, एक आपली स्वतःची करून बघू. अपेक्षा माफक होत्या. चालू व्हावी, पडद्यावर अक्षरं दाखवावीत, कीबोर्ड ऐकावा, वेळ मोजावी. नाव ठेवलं रंकाळा, कारण फोल्डरला नाव द्यायची वेळ आली तेव्हा मला रंकाळ्यावर जाऊन भेळ खायची होती आणि बाहेर जायची सोय नव्हती.

जीसीसी हा कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेल्या प्रोग्रामचं मशिनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, उबंटू लिनक्सवर सहज मिळतो. माझ्याकडे उबंटू २०.०४ आणि त्याचा जीसीसी ९.३ होता. मला वाटलं, कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, हा शेवटी सीचा प्रोग्रामच, याच्याकडूनच करून घेऊ. पहिल्याच दिवशी लिंकरने (कंपाइल झालेले तुकडे जोडून एक फाईल करणाऱ्याने) सुनावलं: अनडिफाइन्ड रेफरन्स टू स्टॅक-चेक-फेल. या नावाचं फंक्शन मी लिहिलं नव्हतं, कुठे हाकही मारली नव्हती. थोडं खणल्यावर कळलं की ज्या फंक्शनमध्ये स्टॅकवर (फंक्शनच्या कामापुरत्या मेमरीत) अ‍ॅरे वगैरे असतात, त्याच्या दाराशी उबंटूचा जीसीसी आपण होऊन एक राखणदार बसवतो. स्टॅकवर कुणी गडबड केली तर हा राखणदार सी लायब्ररीतल्या त्या फंक्शनला बोलावतो. माझ्याकडे सी लायब्ररीच नाही, तर तो बोलावणार कुणाला? राखणदार बंद करायचा फ्लॅग (कंपायलरला द्यायची जादा सूचना) टाकला. मग ग्लोबल ऑफसेट टेबलची तक्रार आली, कारण उबंटू १६.१०पासून हा कंपायलर सगळे प्रोग्राम मेमरीत कुठेही बसतील अशाच बेताने बनवतो. माझा कर्नल बरोब्बर १ एमबीच्या पत्त्यावर बसायचा होता, ‘कुठेही’ नव्हे. त्यासाठी आणखी दोन फ्लॅग. कढीत मीठ जास्त झालं म्हणून पाणी घाला, पातळ झाली म्हणून बेसन लावा, तशी माझी फ्लॅगांची ओळ वाढत गेली.

तरीही एकदाचं सगळं लिंक झालं. क्यूईएमयू या नकली कॉम्प्युटरमध्ये, कर्नल चालू करून देणाऱ्या ग्रबमार्फत चालू केलं, तर ग्रब म्हणाला, नो मल्टिबूट हेडर फाउंड.

यात माझी रात्र गेली. मल्टिबूटचा नियम सोपा आहे. कर्नलच्या फाईलच्या पहिल्या ८,१९२ बाइटांत कुठेतरी, चारच्या पटीतल्या जागी, एक ठरलेला आकडा हवा. हा आकडा षोडशमानात लिहिला की ‘वन बॅड बूट’ असा वाचता येतो. ज्याने कुणी तो निवडला त्याला माझा सलाम. त्याच्या पाठोपाठ फ्लॅग आणि चेकसम येतात, आणि तिघांची बेरीज शून्य यावी लागते. माझा आकडा बरोबर होता, बेरीजही बरोबर होती. फाईलच्या पोटातलं दाखवणाऱ्या रीडएल्फने ती उघडली तेव्हा दिसलं की उबंटूच्या जीसीसीने लिंकरला सांगून फाईलच्या तोंडाशीच एक बिल्ड-आयडीची चिठ्ठी लावून ठेवली आहे. माझ्या लिंकर स्क्रिप्टमध्ये तिचा उल्लेख नव्हता, म्हणून लिंकरने तिला मनाला येईल तिथे, म्हणजे सगळ्यांच्या पुढे बसवलं आणि माझं हेडर ८,१९२च्या पलीकडे ढकललं गेलं. त्यावरही एक फ्लॅग होता. तो टाकला. चाललं. काळ्या पडद्यावर करड्या अक्षरांत माझी ओळ उमटली. ८० बाय २५चा तो जुना टेक्स्ट मोड, प्रत्येक अक्षराला दोन बाइट, एक अक्षराचा आणि एक रंगाचा. ओळ अर्थातच रोमन लिपीत होती. त्या मोडमध्ये २५६ चिन्हांचा फाँट असतो, जास्तीत जास्त ५१२चा. आपली जोडाक्षरं त्यात बसवायची तर तो वेगळाच उद्योग आहे, आणि तो मी आजतागायत केलेला नाही.

बाबांनी “मग?” विचारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांना हे सगळं सांगितलं. बाबा उद्यमनगरात पस्तीस वर्षं लेथवर होते, बहुतेक काळ ऑइल इंजिनच्या पार्टांवर. कॉम्प्युटर त्यांना मोबाइलइतकाच माहीत, पण काम कसं होतं हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. बशीतला चहा संपवून ते म्हणाले, “म्हणजे फिक्चर दुसऱ्याच जॉबचं हाय. त्यात तू तुझा जॉब धरालीस आणि खालनं शिमा सारालीस.”

जॉब म्हणजे घडवायचा पार्ट, फिक्चर म्हणजे तो पक्का धरून ठेवायची चौकट आणि शिम म्हणजे पातळ पत्र्याचा तुकडा. जॉब फिक्चरमध्ये नीट बसत नसेल तर फटीत सारतात. मी पाच फ्लॅग टाकले होते, म्हणजे पाच शिमा.

“एकाला चालतंय,” बाबा म्हणाले. “पण रोज तेच काढायचं असंल तर आधी फिक्चर कर. मग डोळं झाकून हजार पीस काढ.”

त्यांच्या आदल्या दिवशीच्या “मग?”चं उत्तर त्यांनीच दिलं होतं. लिनक्सवर बसून, पण लिनक्ससाठी नाही असा कोड काढणारा कंपायलर, म्हणजे क्रॉस-कंपायलर. त्याला लायब्ररी माहीत नाही, राखणदार माहीत नाहीत, चिठ्ठ्या माहीत नाहीत. तो कुणासाठी काम करतो ते त्याच्या नावातच असतं. उबंटूच्या जीसीसीचं नाव एक्स८६-६४-लिनक्स-जीएनयू. मला हवा होता आय६८६-एल्फ. आय६८६ म्हणजे १९९५च्या पेंटियम प्रोपासूनचा ३२ बिटांचा वंश. एल्फ म्हणजे फाईलचा साचा. ऑपरेटिंग सिस्टिमच्या जागी कुणाचंच नाव नाही.

(यात आणखी एक पायरी असते. एका मशिनवर बसून, दुसऱ्यावर चालणारा आणि तिसऱ्यासाठी कोड काढणारा कंपायलर बनवणं. त्याला कॅनेडियन क्रॉस म्हणतात. हे नाव ठेवायची चर्चा चालली होती तेव्हा कॅनडात तीन राष्ट्रीय पक्ष होते, म्हणून. मला त्या वाटेला जायचं नव्हतं, पण ऐकून बरं वाटलं.)

आधी बिनयुटिल्स, म्हणजे असेंबलर, लिंकर, ऑब्जडम्प, रीडएल्फ वगैरे मंडळी. आवृत्ती २.३५.१. टेक्सइन्फो नाही म्हणून एकदा रडलं, ते टाकल्यावर भात शिजायच्या आत तयार झालं. बिनयुटिल्सबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही, आणि ही त्याची स्तुती आहे.

जीसीसी १०.२ मात्र पुरेपूर अनुभव. त्याला जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या मोठमोठ्या आकड्यांच्या लायब्ररी लागतात. सोर्सच्याच कॉन्ट्रिब फोल्डरमध्ये त्या उतरवून आणणारी स्क्रिप्ट आहे, ती चालवली की तो प्रश्न मिटतो. मी त्या आधी हातांनी आणायला गेले आणि एक संध्याकाळ घालवली. दुसरी गोष्ट म्हणजे बांधकाम सोर्सच्या फोल्डरमध्ये करायचं नाही. शेजारी रिकामं फोल्डर करून तिथून कॉन्फिगर चालवायचं. जीसीसीवाले हे कळकळीने सांगतात, आणि मी ते वाचलंही होतं. वाचून आत बसून कॉन्फिगर मारलं. मग सगळं पुसून पुन्हा टारबॉल उघडला.

कॉन्फिगरला सांगायचं थोडकंच असतं. टार्गेट कोणतं, बसवायचं कुठे (मी घरातल्याच ऑप्ट फोल्डरमध्ये बसवलं. उबंटूच्या जीसीसीच्या शेजारी कधीही बसवू नका), भाषा कोणत्या, आणि सगळ्यांत महत्त्वाचं ‘विदाउट-हेडर्स’. म्हणजे बाई गं, सी लायब्ररीची हेडरं शोधत फिरू नकोस, ती नाहीतच. आणि नंतर मेकला, म्हणजे बांधकाम करवून घेणाऱ्या प्रोग्रामला, नुसतं ‘मेक’ म्हणायचं नाही. तसं म्हटलं तर तो ज्यांना सी लायब्ररी लागते अशाही गोष्टी बांधायला जातो आणि पडतो. ‘ऑल-जीसीसी’ आणि ‘ऑल-टार्गेट-लिबजीसीसी’ एवढंच मागायचं. यातलं लिबजीसीसी कशाला लागतं हे मला तेव्हा कळलं नव्हतं. सगळे करतात म्हणून मीही केलं.

मी उत्साहाने चार कामं एकदम चालवायला सांगितली. अर्ध्या तासाने पडद्यावर आलं की सीसी-वन-प्लस हा सी प्लस प्लस कंपाइल करणारा प्रोग्राम मारला गेला. आधी वाटलं कंपायलरमध्ये दोष आहे. दोष ४ जीबीत होता. जीसीसी स्वतः आता सी प्लस प्लसमध्ये कंपाइल होतो, आणि त्याच्या सोर्समध्ये बांधकामाच्या वेळी दुसऱ्या प्रोग्रामने ओकलेल्या काही फाईली अशा अगडबंब आहेत की एकेक फाईल खंडीभर मेमरी खाते. तशा दोन-तीन एकदम आल्या, शेजारी ब्राउझर उघडा होता, मग लिनक्सने जो सगळ्यांत जास्त खातोय त्याला उचलून बाहेर टाकला. ब्राउझर बंद केला, एकच काम चालवायला सांगितलं आणि निजायला गेले. बाबांशी झालेला तो संवाद याच रात्रीचा. फिक्चरची गोष्ट ते दुसऱ्या दिवशी चहाला बोलले तेव्हा बांधकाम चालूच होतं, किंवा असायला हवं होतं.

कारण पावणेबाराच्या सुमाराला लाईट गेली. बॅटरीचं वर सांगितलंच आहे.

सकाळी मी बेफिकीर होते. मेकचं हेच तर सुख आहे की जे झालंय ते परत करत नाही. चालू केला, पाच-सात मिनिटं गेली आणि लिंकर अडला. एका ऑब्जेक्ट फाईलचं नाव घेऊन म्हणाला, फाईल ओळखता येत नाही, तुटलेली आहे. ती फाईल बघितली तर शून्य बाइट. लाईट जाताना ती लिहिली जात होती. नाव डिस्कवर पोचलं होतं, मजकूर पोचला नव्हता. आणि मेक बिचारा वेळ बघतो, पोट बघत नाही. फाईल आहे, सोर्सपेक्षा नवी आहे, म्हणजे झालं. शून्य बाइटच्या सगळ्या ऑब्जेक्ट फाईली शोधून उडवल्या. तीन निघाल्या. मेक परत चालू केला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत बघते तो आय६८६-एल्फ-जीसीसी तयार. आवृत्ती विचारली, १०.२.० म्हणाला. मी आईला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, “छान. आता जेव.”

या टप्प्यावर मला एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. १९६९मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसनने युनिक्स लिहायला घेतलं तेव्हा त्याच्यापुढे हीच अडचण होती. हाताशी पीडीपी-७ हे छोटं मशिन आलं होतं, पण त्यावर कामाचं काही नव्हतं. मग तो जीईच्या मोठ्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम असेंबल करायचा, त्याची कागदी टेप काढायचा आणि ती टेप हातात घेऊन पीडीपी-७कडे चालत जायचा. कर्नल, एडिटर, असेंबलर आणि शेल पीडीपी-७वरच उभे राहिले, तेव्हा कुठे या फेऱ्या थांबल्या. हे बाबांना सांगितलं तर ते खुर्चीत पुढे सरकले. “पट्टीला भोकं पाडल्याली ना? आमच्यात बी असायची ती.” तरुणपणी पुण्यात एका कारखान्यात त्यांनी टेपवर चालणारं एनसी मशिन बघितलं होतं. टेप फाटली की चिकटवायची कशी, एक भोक चुकलं तर टूल कसं जॉबमध्ये घुसतं, हे त्यांनी मला अर्धा तास सांगितलं. आमच्या दोघांचं कामाबद्दल एवढं बोलणं त्याआधी कधी झालं नव्हतं.

असो. माझं फिक्चर तयार होतं. मेकफाईलमध्ये, म्हणजे मेकला द्यायच्या सूचनांत, मी ऐटीत ओळ लिहिली: सीसी, प्रश्नचिन्ह, बरोबर, आय६८६-एल्फ-जीसीसी. सीसी म्हणजे कोणता कंपायलर वापरायचा ते. प्रश्नचिन्हासकट बरोबर म्हणजे, सीसीला आधीच काही किंमत दिलेली असेल तर तीच ठेव, नसेल तर ही दे. उद्या कुणाला वेगळा कंपायलर वापरावासा वाटला तर? माझ्या रंकाळ्यावर पोहायला दुसरं कोण येणार होतं देव जाणे, पण चांगली सवय म्हणून लिहिलं. त्या पाच शिमा फ्लॅगांच्या ओळीत तशाच होत्या. राहू देत, नंतर काढू. असल्या तरी नव्या कंपायलरला त्यांचं वावडं नव्हतं.

पुढचे तीन आठवडे मजेत गेले. इंटरप्टची (हार्डवेअर प्रोसेसरला मारतं त्या हाकांची) कोष्टकं लागली, कीबोर्ड बोलायला लागला. ऑफिसातल्या एका मित्राला मी फोनवर क्रॉस-कंपायलर का हवा यावर चांगलं व्याख्यान दिलं. मग टायमरकडे वळले. पीसीमध्ये पीआयटी नावाची घड्याळाची जुनी चिप असते, तिचा मूळ ठोका सेकंदाला ११,९३,१८२. तिला एका आकड्याने भागून हवा तेवढा वेग घ्यायचा. मी १,१९३ने भागलं, म्हणजे सेकंदाला साधारण हजार ठोके, ठोक्यागणिक एक मिलिसेकंद. मिलिसेकंद मोजायला ६४ बिटांचा आकडा घेतला, कारण ३२ बिटांचा ४९ दिवसांनी शून्यावर येतो. जसं काही रंकाळा ४९ दिवस कुणी चालू ठेवणार होतं! पडद्यावर सेकंद दाखवायचे म्हणून त्या आकड्याला हजाराने भागलं.

लिंकर: अनडिफाइन्ड रेफरन्स टू यूडिव्हडीआय-थ्री.

आणि तेव्हा लिबजीसीसीचा उलगडा झाला. ३२ बिटांच्या प्रोसेसरला ६४ बिटांचा भागाकार एका सूचनेत करता येत नाही. कंपायलर अशा वेळी स्वतःच्या पेटीतलं एक तयार फंक्शन वापरतो, आणि ती पेटी म्हणजे लिबजीसीसी. मी लिंक करताना ‘कोणतीही लायब्ररी नको’ असं सांगितलेलं, त्यात ही पेटीपण बाहेर राहिली. उपाय सोपा, ओळीच्या शेवटी ‘एल-जीसीसी’ जोडायचं. शेवटीच, ऑब्जेक्ट फाईलींच्या नंतर. आधी लिहिलं तर लिंकर तिच्याकडे बघतो, अजून कुणाला काही नकोय म्हणतो आणि पुढे जातो.

जोडलं. तर म्हणाला, विसंगत लायब्ररी सोडून देतोय, आणि एल-जीसीसी सापडत नाही.

सापडत नाही कसं? तीन आठवड्यांपूर्वी माझ्या हातांनी, लाईट गेलेली असताना बांधलंय! मी परत लिबजीसीसी बांधलं. परत बसवलं. तोच संदेश. रात्री एकच्या सुमाराला तो संदेश मी पहिल्यांदा नीट, बोट ठेवून वाचला. कोणती लायब्ररी विसंगत आहे त्याचा पूर्ण पत्ता त्यात होता: यूएसआर, लिब, जीसीसी, एक्स८६-६४-लिनक्स-जीएनयू, ९.

नऊ? मी बांधला तो दहा. आणि माझा माझ्या घरच्या फोल्डरमध्ये आहे, हा सरकारी वाड्यात काय शोधतोय?

जीसीसी प्रत्येक ऑब्जेक्ट फाईलमध्ये कॉमेंट नावाच्या भागात आपली सही करून ठेवतो. रीडएल्फने कर्नलमधली ती सही काढली. तिथे ‘जीएनयू १०.२.०’ असायला हवं होतं. होतं ‘उबंटू ९.३.०’. तीन आठवडे रंकाळ्याची एक ओळसुद्धा माझ्या कंपायलरने कंपाइल केलेली नव्हती.

‘मेक पी’ म्हटलं की मेक आपल्या पोटातली सगळी यादी ओकतो. हजारभर ओळींत ती सापडली. ‘सीसी बरोबर सीसी’, आणि तिच्या डोक्यावर एक शब्द: डिफॉल्ट. मेकला सीसीची किंमत जन्मतःच माहीत असते, ती म्हणजे ‘सीसी’ नावाचा प्रोग्राम, आणि उबंटूवर तो म्हणजे उबंटूचाच जीसीसी. माझ्या प्रश्नचिन्हाने विचारलं, बाई, हिला आधीच काही दिलंय का? मेक म्हणाला, हो, दिलंय. आणि माझी ओळ गुमान बाजूला पडली. एरवी हा घोटाळा पहिल्या मिनिटालाच उघडा पडला असता, कारण उबंटूच्या जीसीसीने राखणदारावरून आरडाओरडा केला असता. पण ‘नंतर काढू’ म्हणून ठेवलेल्या पाच शिमांनी त्याचं तोंड बंद ठेवलं होतं.

सकाळी बाबांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “फिक्चर केलंस. कपाटात ठिवलंस. आणि जॉब जुन्यावरच काढलास.” आणि इतके हसले की आई स्वयंपाकघरातून बघायला आली.

प्रश्नचिन्ह काढलं. पाचही शिमा काढल्या. पहिल्यांदा खऱ्या अर्थाने आय६८६-एल्फ-जीसीसीने कंपाइल केलं, कुरकुर न करता लिंक झालं, यूडिव्हडीआय-थ्री सापडलं. चालू केलं आणि रंकाळा काळ्या पडद्यावर मुक्काम करून बसला. अक्षर नाही, काही नाही.

हे मला अन्यायकारक वाटलं.

ऑब्जडम्प लावून कर्नलचा असेंब्ली कोड वरून खाली वाचत गेले. मेमसेट हे माझं फंक्शन चार ओळींचं. मेमरीच्या एका तुकड्यात एकच बाइट भरत जायचा, साधा लूप. लायब्ररी नसली तरी मेमकॉपी, मेममूव्ह, मेमसेट आणि मेमकंपेअर ही चार फंक्शनं जीसीसी तुमच्याकडून मागतोच, म्हणून ती स्वतः लिहावी लागतात. कंपाइल झालेल्या मेमसेटमध्ये माझा लूपच नव्हता. होती फक्त मेमसेटला मारलेली हाक. कंपायलरने माझा लूप बघितला, हुशारीने ओळखलं की ही बाई मेमरी भरतेय, मेमरी भरायला मेमसेट नावाचं छान फंक्शन असतं, आणि लूप काढून त्याची हाक ठेवली. मेमसेट मेमसेटला बोलावत राहिला. जीसीसी १० ही करामत ऑप्टिमायझेशनच्या (कोड वेगवान करण्याच्या) ओ-टू पातळीवरच करतो, ९ला त्यासाठी ओ-थ्री लागायचं. म्हणून तीन आठवडे चुकीच्या कंपायलरवर सगळं सुरळीत चाललं आणि बरोबर कंपायलर आल्याबरोबर बंद पडलं. लूपांचे असे नमुने ओळखण्याची ती सोय त्या फाईलपुरती बंद करायचा फ्लॅग आहे, तो टाकला. हो, ही सहावी शिम. पण ही माझ्या जॉबची आहे, दुसऱ्याच्या फिक्चरची नाही, असं मी स्वतःला समजावलं.

नंतर ६४ बिटांकडे वळले तेव्हा लिबजीसीसीच पुन्हा एका निराळ्या कारणासाठी बांधावं लागलं. तिथे स्टॅकच्या खालचे १२८ बाइट फंक्शनने न विचारता वापरावेत असा रिवाज आहे, आणि कर्नलमध्ये इंटरप्ट आला की नेमकी तीच जागा तुडवली जाते. आपल्या कोडला फ्लॅग लावून भागत नाही, लिबजीसीसीही तसंच बांधलेलं लागतं. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. त्या वेळी इन्व्हर्टर घेतला होता, त्यामुळे ती गोष्ट कमी रंगतदार आहे.

टायमर चालू झाला त्या रात्री मी मोबाइलच्या घड्याळाशी जुळवून बरोब्बर दहा वाजता रंकाळा सुरू केला आणि सेकंद मोजत सोडून दिला. सकाळी आठला आम्ही दोघं समोर उभे राहिलो. बाबांनी चष्मा लावला. दहा तास म्हणजे ३६,००० सेकंद व्हायला हवे होते. मोबाइलवर आठ वाजले तेव्हा पडद्यावर ३६,००५ होते.

“पाच सेकंद पुढं हाय,” बाबा म्हणाले.

मी सांगितलं की ते बरोबर आहे, म्हणजे चूक आहे पण हिशेबातली आहे. ११,९३,१८२ला १,१९३ने भागलं तर बरोब्बर हजार येत नाही, हजार पूर्णांक पंधरा शतांश येतात. दिवसाला साधारण तेरा सेकंद घड्याळ पुढे जाणार.

“तुला ठावं हाय की फरक कुठला ते?”

“हो.”

“किती ते बी ठावं हाय?”

“हो.”

“आणि तसंच सोडलंस व्हय?”

मी लॅपटॉप ओढून घेतला. नवाला ऑफिसची मीटिंग होती, एक तास होता.